पंचाहत्तरावा क्रमांक आणि त्याच्या अलीकडची आठ वर्षे

सांगलीतल्या विश्रामबागहून एका पालकांनी दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. पहिली अशी की, नोव्हेंबर २०२४ मध्ये निवृत्त झालेला प्रज्ञेश गुणेश्वरन हा जागतिक क्रमवारीत ७५ व्या स्थानापर्यंत पोहोचलेला टेनिसपटू होता, तरी निवृत्तीची बातमी वाचेपर्यंत त्यांच्या घरात त्याचे नाव कोणी ऐकले नव्हते. तर अशा खेळाडूची कारकीर्द असते तरी कशी? दुसरी अशी की, त्यांचा १३ वर्षांचा मुलगा १४ वर्षांखालील गटाच्या मानांकन स्पर्धा खेळतो, गेले दोन महिने त्याच्या गुडघ्याखाली दुखते आहे, आणि गुण हुकू नयेत म्हणून कोल्हापूरची पुढची स्पर्धा त्याला खेळू द्यावी का? सांगलीत पंचवीस वर्षे मुलांना टेनिस शिकवल्यानंतर मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. म्हणून आधी प्रज्ञेशबद्दल सविस्तर लिहितो आणि मग मुलाकडे येतो.

नाव ऐकले नव्हते याचे वैषम्य वाटून घेऊ नये. आपल्याकडे खेळ म्हटले की आखाडा आणि कबड्डीचे मैदान डोळ्यांपुढे येते, आणि स्मृती मानधना याच सांगलीत वाढल्यामुळे आता क्रिकेटच्या सरावाला मुलींचीही गर्दी असते. टेनिस मात्र क्लबाच्या जाळीआडच राहिले. वास्तविक सांगलीत जन्मलेले थोर बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर तरुणपणी टेनिसही उत्तम खेळत. टेनिसपटू रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेही टेनिसमध्येच. हे सांगलीत किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी दरवर्षी उन्हाळी शिबिरात विचारतो. हात फारसे वर होत नाहीत.

प्रज्ञेशचा जन्म १२ नोव्हेंबर १९८९ रोजी चेन्नईचा. उंची सहा फुटांहून अधिक, डावखुरा, फोरहँड जबरदस्त. त्याने २०१० मध्ये व्यावसायिक टेनिसमध्ये पाऊल टाकले आणि क्रमवारीत पहिल्या शंभरात तो आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधली ही आठ-नऊ वर्षे वर्तमानपत्रांत कुठे दिसत नाहीत, आणि त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर नेमकी तीच पाहावी लागतात. त्या काळाचा मोठा भाग त्याने गुडघ्याच्या दुखापतीपायी कोर्टाबाहेर काढला. गुडघ्याच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले, बरे वाटले म्हणून तो परतला, पुन्हा दुखावला आणि पुन्हा थांबला. ज्या वयात इतर खेळाडू आठवड्याला एक स्पर्धा याप्रमाणे गुण गोळा करत असतात, त्या वयात हा मुलगा वर्षेच्या वर्षे कोर्टावर उतरू शकत नव्हता.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून किंवा आपटून मोडलेले हाड नव्हे. उड्या, अचानक थांबणे, दिशा बदलणे यांचा भार हाडावर रोज पडतो आणि त्याने होणारी बारीक झीज शरीर विश्रांतीच्या काळात भरून काढते. भार वाढत गेला आणि विश्रांती कमी पडली, की झीज पुढे जाते आणि दुरुस्ती मागे राहते. अखेर हाडाला केसासारखी बारीक भेग जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती बहुधा दिसतही नाही, एमआरआय करावा लागतो. हिला विश्रांतीखेरीज खरे औषध नाही, आणि टेनिसच्या क्रमवारीत विश्रांतीइतकी महाग वस्तू दुसरी नाही.

असे का, हे समजण्यासाठी क्रमवारीचे यंत्र थोडे समजून घ्यावे लागेल. खेळाडूचे गुण ५२ आठवडे टिकतात. यंदा मार्चमध्ये एखाद्या स्पर्धेत मिळवलेले गुण पुढच्या मार्चमध्ये आपोआप गळतात, आणि त्या आठवड्यात तितकेच गुण नव्याने मिळवले नाहीत तर खेळाडू खाली घसरतो; यालाच आम्ही ‘पॉइंट डिफेंड करणे’ म्हणतो. त्यामुळे जो सहा महिने जखमी असतो तो सहा महिने नुसता थांबलेला नसतो, तो रोज मागे जात असतो. दीर्घ दुखापतीसाठी जुन्या क्रमांकावर काही स्पर्धांत प्रवेश देण्याची सवलत आहे, पण तीही मोजक्याच स्पर्धांपुरती. प्रज्ञेशने ही चढण एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा तळापासून चढली.

तळ म्हणजे काय, तेही सांगतो, कारण पालकांना विम्बल्डनच्या बक्षिसाचे आकडे पाठ असतात आणि तळाचे ठाऊक नसतात. आज पुरुषांची सर्वांत खालची आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकूण १५,००० डॉलर बक्षिसाची असते. तिच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे सामन्यांच्या मुख्य तक्त्यात, एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात, आणि आठवडाभर खेळून ती जिंकणाऱ्याला दोन हजारांहून थोडे अधिक. त्यातून विमानाचे भाडे, राहणे, जेवण, रॅकेटच्या तारा आणि यजमान देशाने कापून घेतलेला कर वजा करा. प्रशिक्षकाचा खर्च मी यात धरलेलाच नाही, कारण या पातळीवर प्रशिक्षक सोबत नेणे बहुतेकांना परवडतच नाही. सामन्यानंतर पाय स्वतःच चोळायचे आणि रात्री पुढच्या गावाची बस शोधायची. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलने आपल्या खात्यात ९०० युरो उरल्याचे उघडपणे सांगितले, तेव्हा तो भारताचा एकेरीतील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. आमच्या क्षेत्रात त्या विधानाचे आश्चर्य कोणालाही वाटले नाही. त्याने ते बोलून दाखवले याचे वाटले.

प्रज्ञेश पुढे जर्मनीत ऑफेनबाख येथे अलेक्झांडर वास्के यांच्या अकादमीत सराव करू लागला. तेथे शरीर बांधण्यावर आणि भार मोजून-मापून वाढवण्यावर त्याने काम केले, आणि २०१८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, म्हणजे ज्या वयात आपल्याकडे खेळाडूला ‘आता नोकरी बघ’ असे सांगितले जाते त्या वयात, त्याचे फळ दिसू लागले. त्या एप्रिलमध्ये तिआनजिन येथे चीनविरुद्ध डेव्हिस करंडकाची, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेतली, लढत होती. पहिल्या दिवशी भारत ०-२ असा मागे पडला. दुसऱ्या दिवशी पेस-बोपण्णा जोडीने दुहेरी जिंकली, हा पेसचा डेव्हिस करंडकातील दुहेरीचा विक्रमी ४३ वा विजय होता. मग रामकुमार रामनाथनने बरोबरी साधली आणि निर्णायक पाचवा सामना प्रज्ञेशच्या वाट्याला आला. त्याने वू यिबिंगला ६-४, ६-२ असे हरवले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पेसचा विक्रम होता, आणि तो असणे योग्यही होते; पण लढत ज्याने जिंकून दिली त्याचे नाव मजकुरात खाली शोधावे लागले.

त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने चीनमधील आन्निंग येथे कारकिर्दीतील पहिले चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालच्या स्पर्धेचे, विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात त्याने इजिप्तच्या मोहम्मद सफवतला हरवले. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढचा प्रसंग मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. मे महिन्यात प्रज्ञेश फ्रेंच ओपनची पात्रता फेरी खेळायला पॅरिसला गेला आणि हरला. अशा वेळी मुख्य ड्रॉमधून कोणी जखमी होऊन बाहेर पडले, तर पात्रता फेरीत हरलेल्यांपैकी एखाद्याला ‘लकी लूझर’ म्हणून जागा मिळते. पण त्यासाठी तेथेच थांबून, रोज सकाळी नाव नोंदवून वाट पाहावी लागते. जागा मिळेलच याची शाश्वती नसते आणि पॅरिसचा रोजचा खर्च मात्र खरा असतो. प्रज्ञेशने हिशेब केला आणि इटलीत व्हिचेन्झा येथे त्याच आठवड्यात होणाऱ्या चॅलेंजरला नाव दिले. नेमकी त्या वर्षी माघारींची रीघ लागली. जागा रिकाम्या होत गेल्या आणि सफवतला संधी मिळाली, ज्याला प्रज्ञेशने महिन्यापूर्वीच हरवले होते. निक किर्गिओसने माघार घेतली तेव्हा यादीत प्रज्ञेशचा क्रमांक आला होता. पण दुसऱ्या स्पर्धेत नाव दिल्यामुळे तो अपात्र ठरला. ती जागा मिळाली अर्जेंटिनाच्या मार्को त्रुंजेलितीला. तो बार्सिलोनाला घरी परतला होता. निरोप मिळताच भाऊ, आई आणि जवळजवळ नव्वदीच्या आजीला गाडीत घालून त्याने सुमारे हजार किलोमीटर गाडी हाकली आणि दुसऱ्या दिवशी बर्नार्ड टॉमिकला हरवलेही. त्या वर्षी पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ४०,००० युरो होते आणि दुसरी फेरी गाठणाऱ्याला ७९,०००.

त्या आजीची गोष्ट जगभर गाजली, आणि गाजण्याजोगीच होती. पण या गोष्टीतला दुसरा माणूस व्हिचेन्झाच्या कोर्टावर होता आणि त्याने काहीही चुकीचे केलेले नव्हते. त्याच्या जागी मी असतो तर मीही त्याला व्हिचेन्झालाच पाठवले असते. अल्प परिचित खेळाडूचे आयुष्य म्हणजे कमी माहितीवर घ्यावे लागणारे असे दर आठवड्याचे निर्णय. कुठे नाव द्यायचे, कुठून काढायचे, किती दिवस थांबायचे, हे ठरवताना बरोबर निर्णयाचाही तोटा होऊ शकतो, हे पचवावे लागते. प्रज्ञेशने ते पचवले असावे, कारण पुढच्याच महिन्यात स्टुटगार्टच्या हिरवळीवर पात्रता फेरीतून आत येऊन त्याने डेनिस शापोवालोव्हला तीन सेटमध्ये हरवले. ऑगस्टमध्ये इंडोनेशियातील आशियाई स्पर्धेत, पालेम्बंग येथे, त्याने एकेरीचे कांस्यपदक मिळवले, आणि नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूच्या चॅलेंजरमध्ये साकेत मैनेनीला ६-२, ६-२ असे नमवून दुसरे विजेतेपद घेतले.

डावखुरेपणाचा त्याला किती उपयोग झाला, हे येथे सांगायला हवे, कारण आपला मुलगाही डावखुरा असल्याचे आपण लिहिले आहे. डावखुऱ्याने डाव्या, म्हणजे ‘अ‍ॅड’ कोर्टातून बाहेर वळणारी सर्व्हिस केली, की उजव्या हाताचा प्रतिस्पर्धी बॅकहँडला कोर्टाबाहेर ओढला जातो आणि समोरचे अर्धे मैदान उघडे पडते. ३०-४० आणि अ‍ॅडव्हान्टेज हे गुण याच बाजूने खेळले जातात. म्हणजे ज्या गुणावर गेम जातो किंवा राहतो, त्या गुणावर डावखुऱ्याच्या हातात त्याचा सर्वांत चांगला फटका असतो. आपल्या मुलाची ही सर्व्हिस अजून सपाट जाते. ती वळवायला खांदा आणि मनगट तयार व्हावे लागते. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत थांबले तरी चालेल.

२०१९ हे प्रज्ञेशचे वर्ष. जानेवारीत पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून त्याने ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये प्रवेश केला आणि पहिल्या फेरीत फ्रान्सिस टियाफोकडून हरला. बक्षीस ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. मघाच्या दीडशे डॉलरशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे पहिल्या शंभरात येण्यासाठी खेळाडू जीव का टाकतात ते कळते. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, १२८ जणांच्या ड्रॉमध्ये १०४ जण थेट क्रमवारीवर घेतले जातात. ९५ वा आणि १२० वा यांच्या खेळात कधी कधी एका टायब्रेकचेही अंतर नसते. पण पहिल्याचे वर्षाकाठी चार मोठे धनादेश जवळजवळ पक्के आणि दुसऱ्याचे अनिश्चित. फेब्रुवारीत प्रज्ञेश ९७ वा झाला. मार्चमध्ये इंडियन वेल्सला पुन्हा पात्रता फेरीतून येऊन त्याने बेन्वा पेअरला आणि नंतर जगात १८ व्या क्रमांकावर असलेल्या निकोलोझ बासिलाश्विलीला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर हरवले. तिसऱ्या फेरीत इव्हो कार्लोविचने त्याला रोखले. २२ एप्रिल २०१९ रोजी तो ७५ व्या क्रमांकावर होता. त्याहून वर तो कधी गेला नाही.

त्या वर्षी तो चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये खेळला आणि चारही ठिकाणी पहिल्याच फेरीत हरला. पॅरिसला उगो देलियनकडून, विम्बल्डनला मिलोस राओनिचकडून, न्यू यॉर्कला दानिल मेदवेदेवकडून. शेवटचा ड्रॉ कळला तो दिवस मला चांगला आठवतो, कारण ऑगस्टच्या महापुराने कृष्णाकाठच्या आमच्या कोर्टावर वीतभर गाळ बसला होता आणि आम्ही दहा-बारा जण तो फावड्याने काढत होतो. एका मुलाने मोबाइलवर पाहून सांगितले, “सर, मेदवेदेव आलाय.” सगळे हसले आणि पुन्हा फावडी उचलली. मेदवेदेव त्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला. ‘चार वेळा पहिल्या फेरीत हरला’ असे एका वाक्यात कोणी म्हणाले, की मी त्याला ड्रॉ वाचायला सांगतो. क्रमवारीत ७५ च्या आसपास असणाऱ्याला ड्रॉमध्ये मानांकन (सीडिंग), म्हणजे बलाढ्य खेळाडूंना सुरुवातीला एकमेकांपासून दूर ठेवणारी सोय, नसते, त्यामुळे पहिल्याच फेरीत कोणीही समोर येऊ शकतो.

मग उतार. २०१९ च्या अखेरीस तो शंभराबाहेर गेला. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत तो अखेरच्या सामन्यात एर्नेस्ट्स गुल्बिसकडून हरला. पण या वेळी तो थांबला होता आणि लकी लूझर म्हणून त्याला जागा मिळाली. पहिल्या फेरीत समोर जपानचा तात्सुमा इतो, म्हणजे मेदवेदेव किंवा राओनिच नव्हे. आणि जिंकणाऱ्याची गाठ थेट नोव्हाक जोकोविचशी. प्रज्ञेश तीन सेटमध्ये हरला आणि जोकोविचसमोर इतो उभा राहिला. त्याच्या कारकिर्दीतला कोणता पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा, असे मला विचाराल तर मी हाच सांगेन. त्यानंतर मार्चमध्ये महामारीने दौराच बंद पडला. तिशी ओलांडलेल्या, गुडघे जपून खेळणाऱ्या खेळाडूला तो खंड परवडणारा नव्हता. पुढची वर्षे चॅलेंजर आणि त्याखालच्या स्पर्धांत गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, पस्तिशी पूर्ण झाल्यावर, त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता मुलाकडे येतो. पुण्याला पाठवावे का, असेही आपण ओझरते विचारले आहे. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यात येऊन प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली आणि एकेरीत १६० पर्यंत व दुहेरीत ९३ पर्यंत गेली, हे खरे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत खेळला आणि नंतर ६२ वा झाला, हेही खरे. वाटा अनेक आहेत, पण तेराव्या वर्षी त्यांतली कोणतीही निवडायची घाई नाही. या वयातले मानांकनाचे गुण वर्षाने गळून जातात आणि अठरा वर्षांनंतर त्यांची चौकशी कोणी करत नाही.

गुडघ्याचे मात्र तसे नाही. या वयात उंची झपाट्याने वाढते, आणि गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध नडगीच्या हाडाला जेथे चिकटतो तेथली कोवळी वाढीची जागा उड्यांच्या ओढीने सुजते. तिला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. ही तक्रार मुलांत सर्रास आढळते आणि भार कमी केला की बहुतेक वेळा बरी होते. पण हे तेच आहे की हाडाला भेग आहे, हे सांगणे माझे काम नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाचे आहे. आणि मिरजेसारखे वैद्यकीय गाव उशाशी असताना दोन महिने थांबायला नको होते. मी हे अधिकाराने कमी आणि अनुभवाने जास्त सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालच्या एका मुलाला नडगीत दुखत असताना मी सलग तीन आठवडे सिमेंटच्या कोर्टांवर खेळवले. ‘खेळता खेळता सुटेल’ असे मीच म्हणालो होतो. ती भेग निघाली. त्याचे पाच महिने गेले, आणि परत आल्यावर त्या पायावर पूर्ण भार टाकून तो पूर्वीसारखा कधी धावला नाही.

तेव्हा कोल्हापूरच्या स्पर्धेतून नाव मागे घ्यावे, आणि ते मागे घेण्याची मुदत संपण्यापूर्वी लेखी घ्यावे, नाहीतर नाव ड्रॉमध्ये राहते आणि न आल्याचा शिक्का बसतो. याच आठवड्यात गुडघा दाखवावा. डॉक्टरांना ‘खेळताना दुखते’ एवढेच सांगू नये. नेमके बोट ठेवून कुठे दुखते, खेळ संपल्यावर किती वेळ दुखते, रात्री झोपेत दुखते का, आणि आठवड्यात किती तास व कोणत्या कोर्टावर खेळतो, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांनी पायावर भार न देता सराव करायला हरकत नाही असे सांगितले, तर त्याला सकाळी साडेसहाला कोर्टावर आणावे. खुर्चीत बसवून सर्व्हिस शिकवता येते. चेंडू वर फेकण्याची त्याची उंची दर वेळी बदलते, आणि ते दुरुस्त करायला पाय लागत नाहीत.